आयट्रॅक्सवर तळ्याच्या गाळाचे कोर स्कॅन करून घेतले: सर्व्हिस कशी वाटली

स्वीडनमधल्या एका विद्यापीठात कोर स्कॅनिंगची सर्व्हिस आहे, बाहेरच्या ग्रुपचेपण कोर घेतात आणि मीटरप्रमाणे पैसे लावतात, तिथे आम्ही तळ्यातल्या गाळाचे कोर स्कॅन करून घेतले त्याचा हा रिव्ह्यू. लॅबचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तीन-चार जणांची लॅब, नाव टाकलं की माणूसच कळतो. मराठीत लिहायचं कारण एवढंच की पुण्याहून गोव्याहून जिऑलॉजी नाहीतर एन्व्हायर्नमेंटल सायन्स केलेली पोरं मला मेसेज करून हेच विचारत असतात, ताई कोर स्कॅन करून घेऊ का, त्यातून पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग अशा, व्हॅल्यू मिळतात ना, आमच्या सरांनी सांगितलंय.

करून घ्या. पीपीएम मिळत नाहीत. आता सविस्तर.

ज्यांचा ह्या लाइनशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळ बसत जातो, जुना खाली नवा वर, आणि त्यात नळी खुपसून जो उभा नमुना बाहेर काढतात तो कोर. इकडे हे काम हिवाळ्यात करतात, तळं गोठलेलं असतं, बर्फाला भोक पाडायचं आणि वर उभं राहून कोर काढायचा, बोटीसारखं हलत नाही त्यामुळे काम एकदम सरळ होतं, फक्त हाताची बोटं आपली राहत नाहीत. खालचा घट्ट गाळ रशियन कोररने मीटर मीटरच्या तुकड्यांत येतो आणि वरचा पातळ, पाण्यासारखा भाग ग्रॅव्हिटी कोररने वेगळा काढावा लागतो. आमचं तळं फालूनच्या बाजूचं. फालून म्हणजे तांब्याची खाण, शेकडो वर्षं चालली, १९९२ ला बंद पडली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, स्वीडनच्या फोटोंत जी लाल लाकडी घरं दिसतात ना, त्यांचा तो लाल रंग ह्याच खाणीच्या टाकाऊ मालातून आलेला आहे. एवढी वर्षं तिथे खनिज भाजून जो धूर आणि जे घाण पाणी बाहेर पडलं त्याचा हिशोब आजूबाजूच्या तळ्यांच्या गाळात जमा आहे आणि आम्हाला तो वाचायचा होता.

जुनी पद्धत अशी की कोरचे सेंटिमीटर सेंटिमीटरचे काप करायचे, फ्रीझ ड्राय करायचे, कुटायचे, ॲसिडमध्ये विरघळवायचे आणि आयसीपीवर, म्हणजे द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनवर, मोजायचे, आकडे एकदम खणखणीत येतात पण महिने जातात आणि शेवटी हातात कोर उरत नाही, नुसत्या बाटल्या उरतात. स्कॅनरमध्ये उभा चिरलेला अर्धा कोर आहे तसा ठेवायचा, वरून एक्स-रे पडतो, गाळातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचा एक्स-रे परत सोडतं, डिटेक्टर ते मोजतो आणि कोर एक पाऊल पुढे सरकतो. बस एवढंच. कोरला काही होत नाही, नंतर त्यातूनच सॅम्पल काढता येतात. आयट्रॅक्स हे मशीन गोथेनबर्गजवळच्या कॉक्स ॲनालिटिकल सिस्टिम्स कंपनीचं, त्यावरचा क्राउडेस, रिंडबी आणि रॉथवेल ह्यांचा २००६ चा पेपर हा ह्या धंद्यातला श्रीगणेशा, तो वाचल्याशिवाय कुणी लॅबला ईमेलपण करू नये असं माझं मत. दुसरा पर्याय म्हणजे हॉलंडचं आवाटेक, समुद्राच्या कोरवाल्यांकडे ते जास्त दिसतं. आयट्रॅक्सची मजा ही की एकाच फेरीत रंगीत फोटो, रेडिओग्राफ म्हणजे आपला नेहमीचा छातीचा काढतात तसा एक्स-रे फोटो, आणि मूलद्रव्यांचे आलेख असं तिन्ही मिळतं, आणि साधारण १.८ मीटरपर्यंतचा तुकडा सरळ आत जातो.

आता सर्व्हिस. बुकिंगला वेळ लागतो, उन्हाळ्यानंतर तर खूपच, कारण सगळे ग्रुप फील्डवरून आले की एकदम लाइन लावतात, त्यामुळे फील्डची तारीख ठरली की त्याच दिवशी स्कॅनरचा स्लॉट मागून टाका. ईमेलला उत्तर मात्र लगेच, आणि नीट. कोर काढल्यापासून मधल्या काळात ४ अंशाच्या कोल्ड रूममध्ये, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, हे त्यांनी आधीच लिहून कळवलं होतं, आणि सेडिमेंट डीएनए नाहीतर ओएसएल डेटिंग, म्हणजे गाळाच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला ह्यावरून वय काढणं, करायचं असेल तर कोर चिरायच्या आधी सांगा हेपण कळवलं होतं, कारण डीएनएवाल्यांना हात न लागलेला गाळ हवा असतो आणि ओएसएलला उजेड दिसला की संपलं. हा प्रश्न स्वतःहून विचारणारी लॅब चांगली समजावी. बऱ्याच ठिकाणी विचारत नाहीत.

लॅबमध्ये एक टेक्निशियन आहेत, पंचावन्न-साठचे असतील, इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात त्यामुळे मीही मारते पण मनातल्या मनात ते काकाच आहेत. काका बोलतात फार कमी पण कोरचा पृष्ठभाग साफ करताना त्यांना बघणं हे ह्या सर्व्हिसमधलं सगळ्यात भारी. चिरलेल्या कोरवर चिखल फासलेला असतो, तो काचपट्टीने खरवडायचा, पण लांबीच्या दिशेने नाही, आडवा, थरांच्या दिशेने, प्रत्येक वेळी पट्टी पुसून, नाहीतर खालच्या थराचा गाळ वरच्या थरावर लागतो आणि मग तुम्ही मध्ययुगातलं शिसं विसाव्या शतकात मोजत बसता. मग त्यावर १.५ मायक्रॉनची मायलर फिल्म अंथरायची, ती इतकी पातळ की श्वासाने उडते. भाकरीला पाणी लावताना जसा हात फिरतो तसा त्यांचा हात त्या फिल्मवरून फिरतो, बुडबुडा राहत नाही. हे सगळं कशासाठी तर सिलिकॉन, ॲल्युमिनियम असल्या हलक्या मूलद्रव्यांचा सिग्नल इतका कमजोर असतो की फिल्मच्या खाली पाण्याचा पातळ थर साचला तरी तो गिळून टाकतो, आलेखात सिलिकॉन कमी दिसलं म्हणून तुम्ही डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं, कमी झाले असं लिहून मोकळे होता आणि प्रत्यक्षात तिथे फक्त पाणी असतं. ह्यावर त्यालिंगी आणि मंडळींचा २००७ चा पेपर आहे, समुद्राच्या गाळावरचा आहे पण तळ्यालाही लागू पडतो. काकांनी तो वाचलाय की नाही माहीत नाही, त्यांना ते हातालाच माहीत आहे.

आणि उलटी भानगड पण आहे, स्कॅन चालू असताना कोर वाळतो. आडव्या भेगा पडतात. भेगेवर बीम आला की सगळीच मूलद्रव्यं एकदम खाली.

सेटिंगबद्दल लॅबशी भांडायला तयार राहा, म्हणजे प्रेमाने. सगळ्यांना वाटतं बारीकात बारीक पाऊल घ्यावं, आयट्रॅक्स २०० मायक्रॉनपर्यंत आरामात जातो, ब्रोशरवर तेच मोठ्या अक्षरात असतं. हिशोब करा ना. १ मीटर कोर, १ मिलिमीटर पाऊल, प्रत्येक ठिकाणी १० सेकंद, म्हणजे १०,००० सेकंद, पावणेतीन तासात काम झालं. तोच कोर २०० मायक्रॉनने, ५,००० ठिकाणं, ५०,००० सेकंद, जवळजवळ १४ तास, रात्रभर मशीन तुमचंच, आणि सकाळपर्यंत कोर वाळलेला. तुमच्या गाळात वर्षावर्षाचे पातळ थर स्पष्ट असतील, इकडे उत्तर स्वीडनच्या काही तळ्यांत तसे असतात, तर बारीक पावलाला अर्थ आहे. गाळ किड्यांनी ढवळलेला असेल तर २०० मायक्रॉनचं तुम्ही काय लोणचं घालणार? एक दाणा कसा पडलाय तेवढंच मोजलं जातं. आम्ही आधी सगळा कोर जाड पावलाने घेतला आणि जिथे रेडिओग्राफवर थर दिसले तेवढाच भाग परत बारीक घेतला, लॅबला हे आवडलं नाही कारण सेटिंग दोनदा लावावं लागतं, पण पैसे आणि वेळ दोन्ही वाचले. बीम अगदी बारीक असला तरी आडवा बऱ्यापैकी रुंद असतो, त्यामुळे थर सपाट असतील तर सरासरी छान निघते आणि थर तिरपे असतील तर दोन-तीन थर एकत्र मोजले जातात, हेपण आधी फोटोवर बघून घ्या.

दुसरं म्हणजे ट्यूब, जिच्यातून एक्स-रे निघतो ती. मॉलिब्डेनमची ट्यूब जड मूलद्रव्यांना चांगली, ब्रोमिन, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, शिसं वगैरे, क्रोमियमची ट्यूब हलक्यांना. आम्हाला प्रदूषण बघायचं होतं म्हणून मॉलिब्डेनम. फॉर्मवर हा प्रश्न कोपऱ्यात छोट्या अक्षरात असतो आणि लोक तो रिकामा सोडतात, मग ज्या ट्यूबवर आधीच्या गिऱ्हाइकाचं काम चालू असेल तीच तुम्हाला मिळते.

मशीन चालू झालं की करायला काही नसतं. दहाला फिका, तीनला फिका, म्हणजे कॉफी आणि दालचिनीचा बन, स्वीडनमध्ये भूकंप झाला तरी फिका होणार. पण स्कॅन चालू असताना तुम्ही स्वतः तिथे असावं असं मी ठासून सांगेन, कुरिअरने कोर पाठवून घरी बसू नका, कारण निम्मे निर्णय कोर उघडल्यावरच घ्यायचे असतात. आमच्या एका तुकड्यात चिरल्यावर काही तासांनी निळे ठिपके उमटायला लागले, आधी पांढुरकं काहीतरी होतं, हवा लागली आणि निळं झालं. व्हिव्हियनाइट, लोखंडाचं फॉस्फेट. रंगीत फोटो आधी घेतला असता तर हे निळे ठिपके फोटोत नाहीतच आणि उशिरा घेतला तर आजूबाजूचा काळा गाळ तपकिरी झालेला, कारण सल्फाइडचा काळा रंगपण हवेत टिकत नाही. काकांनी न सांगता दोन्ही वेळेला फोटो घेतले, ह्याचे एक्स्ट्रा पैसे लावले नाहीत.

रेडिओग्राफला माझे पैकीच्या पैकी. लोक मूलद्रव्यांच्या आलेखासाठी येतात आणि रेडिओग्राफ फुकट मिळाल्यासारखा बाजूला ठेवतात, पण आमच्या कोरमध्ये डोळ्यांना एकसारखा करडा दिसणारा अर्धा हात गाळ रेडिओग्राफवर बघितला तर आत थरच थर, आणि मध्ये एक जाड, दाट पट्टा जो बहुतेक एकाच पुरात नाहीतर काठ ढासळून आलेला आहे. तो पट्टा वर्षांच्या हिशोबातून काढून टाकावा लागतो, नाहीतर एका दिवसात बसलेला गाळ तुम्ही शंभर वर्षांचा धरता. एक त्रास आहे, अर्धगोल कोर मध्ये जाड आणि कडेला पातळ, त्यामुळे रेडिओग्राफ कडेला उजळ येतो, यू-चॅनेल म्हणजे चौकोनी पन्हळीत गाळ काढून घेतला तर सुंदर येतो पण ते काम वेगळं आणि त्याचे पैसे वेगळे.

आता निकाल. तांबं, जस्त, शिसं तिन्ही रेषा खालून सपाट येतात आणि एका ठिकाणी हातात हात घालून वर चढतात. स्क्रीनवर ते लाइव्ह बघताना भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण इथेच सगळ्यात जास्त फसायला होतं. स्वीडनच्या तळ्यांत शिशाची मोठी गोष्ट आहे, रेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नेचरमध्ये दाखवलं की साधारण २,००० वर्षांपूर्वी, रोमन काळात, युरोपात जे शिसं वितळवलं जात होतं त्याचा धूर इथपर्यंत आला आणि गाळात त्याचा छोटासा उंचवटा आहे, मग इसवी सन १००० च्या पुढे परत चढ, १९७० च्या दशकात कळस आणि पेट्रोलमधलं शिसं गेल्यावर उतार. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं, आपल्या तळ्यांत हा उतार कुठे येतो हे कुणीतरी नीट बघायला हवं. पण ते १९९४ चं काम स्कॅनरवर झालेलं नाही, ती गाळ विरघळवून केलेली मोजणी होती. रोमन उंचवटा एवढा बारीक आहे की १० सेकंदांच्या स्कॅनमध्ये तो गोंगाटातच हरवतो, आणि माझ्या आलेखात जिथे मला तो दिसल्यासारखा वाटत होता तिथे मी काही लिहिणार नाहीये. खाणीचं शिसं भरपूर आहे म्हणून ते दिसलं, इतकंच.

शिवाय शिसं आणि आर्सेनिक. शिशाची मुख्य रेषा आणि आर्सेनिकची मुख्य रेषा स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे एक्स-रे किती आले त्याच्या आलेखात, जवळजवळ एकमेकांवर बसतात, १०.५ केईव्हीच्या (केईव्ही हे एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) आसपास दोघं. खाणीच्या भागात दोन्ही असणार. सॉफ्टवेअर आपल्या मनाने वाटणी करतं आणि वाटणी चुकली की एक रेषा वर जाते तेव्हा दुसरी तितकीच खाली येते, हे आलेखात दिसलं की समजायचं. उपाय म्हणजे स्पेक्ट्रम परत फिट करायचा, आणि त्यासाठी स्पेक्ट्रम तुमच्याकडे हवा, आणि इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

लॅबने आम्हाला काय दिलं? एक चकाचक पीडीएफ, रंगीत आलेख, बाजूला कोरचा फोटो, आणि एक एक्सेल. कच्चे स्पेक्ट्रम नाहीत. मागितल्यावर मिळाले, पण दोनदा मागावे लागले आणि फाइल खूप मोठ्या आहेत वगैरे ऐकावं लागलं. अहो मोठ्या असणारच, एका मीटरच्या हजार फाइल. एक्सेलमधून त्यांनी व्हॅलिडिटीचा कॉलम उडवला होता, ज्यात १ म्हणजे मोजणी ठीक आणि ० म्हणजे इथे काहीतरी गडबड, पृष्ठभाग खाली गेला, भेग आली वगैरे. तो कॉलम काढून बाकी सगळे आकडे द्यायचे म्हणजे काय उपयोग? एमएसई आणि केसीपीएस हे दोन कॉलमपण तसेच ठेवायला हवेत, पहिला फिट किती वाईट आहे ते सांगतो आणि दुसरा एकूण किती सिग्नल आला ते, केसीपीएस एकदम पडला असेल तर तिथे सगळं बाद समजायचं.

मोठी तक्रार वेगळीच. आमचे तुकडे दोन बॅचमध्ये स्कॅन झाले आणि मध्ये लॅबने ट्यूब बदलली. ट्यूब जुनी होत जाते तसा तिचा जोर कमी होतो, नवीन लावली की परत जास्त, हे मशीनचं नॉर्मल वागणं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण ते आम्हाला कळवलं नव्हतं. मग दोन तुकडे जोडले तर सगळ्या रेषांना एकाच खोलीवर पायरी, आमचे प्रोफेसर खूश, काहीतरी घटना सापडली म्हणून, आणि मला शंका आली कारण लोखंडापासून स्ट्रॉन्शियमपर्यंत सगळं एकाच वेळी वाढवणारी घटना पृथ्वीवर नसते. तुकड्यांची टोकं थोडी एकमेकांवर येतील असे कोर काढलेले होते म्हणून तोच गाळ दोन्ही बॅचमध्ये होता, त्यावरून लगेच सिद्ध झालं. लॅबने मान्य केलं, तो तुकडा परत फुकट स्कॅन करून दिला, रोजच्या स्टँडर्डच्या, म्हणजे मशीन तपासायला मोजतात त्या ठरलेल्या नमुन्याच्या, मोजण्यापण पाठवल्या. म्हणजे वागणं सरळ आहे. पण स्टँडर्डच्या मोजण्या रिपोर्टबरोबरच यायला हव्यात, मागायला लागू नयेत. तुम्ही कुठेही द्या, भारतात द्या नाहीतर परदेशात, स्टँडर्डच्या मोजण्या मागा आणि तुकडे एकमेकांवर येतील असेच कोर काढा.

परत पीपीएमवर येते. स्कॅनर देतो ते काउंट्स, म्हणजे इतक्या सेकंदांत इतके ठोके. ते गाळातल्या प्रमाणाशी जोडलेले असतात पण पाणी, सेंद्रिय माल, दाण्यांचा आकार, पृष्ठभाग, ट्यूबचं वय असं सगळं मध्ये लुडबूड करत असतं. सेंद्रिय माल वाढला की सगळं पातळ होतं आणि शिसं कमी झाल्यासारखं दिसतं, शिसं तेवढंच असतं. म्हणून नुसत्या काउंट्सचे आलेख छापू नका, रेशो घ्या, आणि शक्यतो रेशोचा लॉग घ्या, वेल्ट्ये आणि त्यालिंगी ह्यांनी २००८ मध्ये हे व्यवस्थित मांडलंय, गणित थोडं डोक्यावरून जातं पण मुद्दा कळतो. मॉलिब्डेनम ट्यूबचं विखुरलेलं किरण असतं, त्याचे इन्कोहेरंट आणि कोहेरंट असे दोन भाग, त्यांचा रेशो सेंद्रिय मालाचा आणि पाण्याचा अंदाज देतो, फुकटात मिळतो, वापरा. आणि वीस-तीस ठिकाणची सॅम्पल आयसीपीला पाठवून काउंट्सशी जुळवून बघा, मग पीपीएम म्हणायला तोंड राहतं. आर ह्या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेत आयट्रॅक्सआर नावाचं पॅकेज आहे, फुकट, तुकडे जोडणं, खराब मोजण्या काढणं सगळं त्यात होतं, लॅबच्या एक्सेलच्या नादी लागू नका.

प्रॉक्सीबद्दल, म्हणजे गाळातल्या एखाद्या मूलद्रव्यावरून जुन्या पाऊसपाण्याचा अंदाज बांधण्याबद्दल, थोडं चिडून लिहिणार आहे. टायटॅनियम वाढलं म्हणजे पाऊस वाढला, हे वाक्य मी इतक्या थिसिसमध्ये वाचलंय. हे येतं कुठून तर व्हेनेझुएलाजवळच्या कारियाको खोऱ्यातून, तिथल्या समुद्रतळाच्या कोरमधल्या टायटॅनियमवरून हाउग आणि मंडळींनी २००३ मध्ये सायन्समध्ये दाखवलं की माया संस्कृती कोसळली त्या काळात, इसवी सन ७६० ते ९१० च्या दरम्यान, एकामागून एक कडक दुष्काळ पडले. जबरदस्त काम. पण तिथे तळाशी ऑक्सिजन नाही, किडे नाहीत, थर शाबूत, आणि टायटॅनियम येतं ते नद्यांनीच. ते सूत्र उचलून दख्खनमध्ये लावायचं? आपला बेसॉल्ट मुळातच लोखंडाने आणि टायटॅनियमने भरलेला, पाणलोटात कुणी झाडं तोडली, नांगरट वाढली, वर धरण बांधलं, तरी टायटॅनियम बदलेल आणि पावसाचा त्यात हात नसेल. आधी पाणलोटात काय झालं ते बघा, मग पाऊस म्हणा.

आपल्याकडे करण्यासारखं काय आहे ते बघायचं तर लोणार. २००८ मध्ये जर्मन आणि भारतीय टीमने लोणारच्या तळ्यातून साधारण १० मीटरचा कोर काढला आणि त्यात गेल्युसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक ठराविक थरांतच सापडले, तळं आटत आटत खारट होतं तेव्हाच ते बनतात, त्यावरून साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि परत २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे लांबलचक दुष्काळी काळ मांडले गेले. बुलढाण्यातल्या एका खड्ड्यात होलोसीनचा, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाचा, पाऊस लिहून ठेवलाय आणि आपण तिथे फक्त सेल्फी काढतो. असला स्फटिक स्कॅनरच्या बीमखाली आला तर कॅल्शियमचा सुळका येईल पण त्यातलं सोडियम दिसणार नाही, सोडियम स्कॅनरसाठी फार हलकं. म्हणजे सुळका दिसला तर तो स्फटिक आहे, शिंपला आहे की साधा चुन्याचा दाणा हे शेवटी डोळ्यांनी नाहीतर एक्सआरडीवरच, म्हणजे एक्स-रेने खनिज ओळखणाऱ्या मशीनवरच, ठरतं.

वय पण स्कॅनर देत नाही, हे सांगायला लागतं ह्याचं मला आश्चर्य वाटतं पण लागतं. वरच्या दीडशे वर्षांसाठी लेड-२१०, म्हणजे शिशाचा किरणोत्सारी प्रकार, अर्धायुष्य साधारण २२ वर्षं, आणि पडताळायला सिझियम-१३७, जगभर १९६३ च्या आसपासच्या बॉम्बचाचण्यांचा उंचवटा. स्वीडनमध्ये त्याच्यावर १९८६ चा चेर्नोबिलचा टोकदार सुळका येतो, गंमत म्हणजे पश्चिमेत पहिली घंटा वाजली तीच मुळी इथल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात, २८ एप्रिलला, आणि फालूनपासून फार लांब नसलेल्या येव्ले भागावर भरपूर किरणोत्सारी पाऊस पडला होता. त्यामुळे आमच्या कोरचं वरचं घड्याळ एकदम पक्कं. पण त्याला गॅमा काउंटर लागतो, वेगळी लॅब, वेगळे पैसे, बजेटमध्ये आधीच धरा.

त्याच इमारतीत जिओटेक कंपनीचा मल्टिसेन्सर लॉगरपण आहे, घनता आणि मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते) न चिरलेल्या कोरवरच मोजून देतो, स्वस्त आणि झटपट. तुकडे एकमेकांशी जुळवायला तेवढं पुरतं. ज्यांना फक्त तेवढंच हवंय त्यांनी आयट्रॅक्सचे पैसे घालवूच नका.

आणि ज्यांचा गाळ जाड वाळूचा, दगडगोट्यांचा आहे, पृष्ठभाग सपाट होतच नाही, त्यांनीपण नका घालवू. नदीचे कोर घेऊन एक ग्रुप आमच्या आधी आला होता, अर्ध्या मोजण्या बाद.

माझे मार्क पाचपैकी साडेतीन. पृष्ठभागाची तयारी आणि रेडिओग्राफ पाचपैकी पाच, रिपोर्ट दोन, आणि ट्यूब बदलल्याचं न कळवल्याबद्दल अर्धा कापला, परत फुकट स्कॅन केला म्हणून जास्त कापला नाही. पुढचे कोर आम्ही तिथेच देणार आहोत, फक्त आता ऑर्डरबरोबरच लिहून देणार की मॉलिब्डेनम ट्यूब, सगळे तुकडे एकाच ट्यूबवर, स्पेक्ट्रम, सगळे कॉलम आणि स्टँडर्डच्या मोजण्या एकत्र हव्यात. आणि हो, कोर परत घेताना मायलर फिल्म काढून क्लिंग फिल्म नवीन लावून घ्या, मायलर तशीच ठेवली की कोल्ड रूममध्ये ती गाळाला चिकटते आणि नंतर सोलताना वरचा थर बरोबर घेऊन येते.